लिव्हर देताय? मग ते परत वाढायला ऊर्जा कुठून आणतं ते आधी समजून घ्या

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने बाबांना लिव्हरचा उजवा भाग दिला. दोघांची ऑपरेशनं एकाच दिवशी, शेजारशेजारच्या थिएटरमध्ये, आणि त्यानंतरचे तीन महिने दोघांचं खाणंपिणं माझ्याकडे होतं. माझं बीएससीला बायोकेमिस्ट्री होतं, त्यामुळे डॉक्टर जे सांगायचे ते मी घरी येऊन परत वाचून काढायचे, वहीत लिहायचे आणि मग ओट्यापाशी उभी राहून त्याचं जेवण कसं करायचं हे ठरवायचे. ती वहीच आता इथे टाकतेय, कारण रोज कोणी ना कोणी विचारतं की डोनरला काय द्यायचं, लिव्हर लवकर वाढावं म्हणून काय करायचं. सगळे विचारतात ते ऑपरेशननंतरचं. पण खरं काम ऑपरेशनच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतं, आणि ते का हे कळायला पेशीच्या आत काय चालतं ते थोडं बघावं लागतं. थोडंच आहे, कंटाळू नका.

लिव्हरचा ६०-६५ टक्के भाग काढला तरी उरलेलं वाढतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पालीची शेपटी येते तसं मात्र ते नसतं. कापलेला उजवा भाग परत कधीच येत नाही, उरलेला डावा भाग फुगत, भरत जातो आणि त्यातल्या पेशी विभागून संख्या वाढते. १९३१ मध्ये मेयो क्लिनिकच्या हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर काढून हे नीट मोजलं, उंदरात आठवडा-दहा दिवसांत वजन भरून येतं. माणसात पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जोरात वाढ होते, मग वेग कमी होतो, तीन महिन्यांत बहुतेकांचं ८० टक्क्यांच्या आसपास पोचतं आणि उरलेलं सावकाश.

आता ऊर्जेचं बघू. घरात स्वयंपाकाला तिघी होत्या, त्यातल्या दोघी गावी गेल्या, पंगत मात्र तेवढीच बसलीय, आणि त्यातच घराला नवीन खोली बांधायला काढलीय, अशी अवस्था त्या उरलेल्या लिव्हरची होते. रक्तातली साखर सांभाळायची, अमोनियाचा युरिया करायचा (एक युरिया बनवायला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, त्याचे चार फॉस्फेट बंध खर्च होतात), रक्त गोठवणारी प्रोटीन्स बनवायची, औषधं निकामी करायची, हे सगळं पूर्वीएवढंच, आणि वर पेशी दुप्पट करायची म्हणजे डीएनएची कॉपी, नवी प्रोटीन्स, नवी आवरणं. या सगळ्याला एकच चलन चालतं, एटीपी. ते साठवून ठेवता येत नाही, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या बारक्या भट्ट्यांत, जसं लागेल तसं बनवत राहावं लागतं, आणि लिव्हरच्या एकेका पेशीत हजार-दोन हजार मायटोकॉन्ड्रिया असतात ते याचसाठी.

प्राण्यांमध्ये मोजलंय, लिव्हर कापल्यावर लगेचच उरलेल्या भागातलं एटीपी खाली येतं. माणसांमध्येही एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (न कापता स्कॅनरमधून पेशींतली रसायनं मोजतात ती तपासणी) बघितलं तेव्हा ऑपरेशननंतर लिव्हरची ऊर्जा घसरलेली दिसली, आणि लिव्हर आधीपासून आजारी असेल तर ती सावरायला जास्त वेळ लागतो. म्हणजे लिव्हर वाढणार का, किती झटकन वाढणार, हे बरंचसं यावर ठरतं की पहिल्या काही दिवसांत पेशी एटीपी किती पटपट भरून काढतात. इंधन पाहिजे, ऑक्सिजन पाहिजे आणि मायटोकॉन्ड्रिया धडधाकट पाहिजेत. यातला तिसरा मुद्दा ऑपरेशननंतर कोणालाच बाजारातून आणता येत नाही.

म्हणून पहिली पायरी, लिव्हरमधली चरबी आधी घालवा.

माझ्या भावाचं वजन तेव्हा ७८ किलो, दिसायला काहीच नाही, चांगला क्रिकेट खेळणारा मुलगा, आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरच्या घनतेच्या आकड्यातून प्लीहेचा आकडा वजा करून एलएआय काढतात, तो जेवढा जास्त तेवढी लिव्हरमध्ये चरबी कमी, आपल्याकडच्या टीम्स हा ५ च्या वर असला तर बरं म्हणतात, त्याचा २ आला. सर्जन म्हणाले, सहा आठवडे देतो, कमी करून ये. तेव्हा आईला वाटलं नकार आलाय, ती रात्रभर रडली. पण तो नकार नव्हता, लिव्हरमधली चरबी शरीरातल्या इतर चरबीपेक्षा फार लवकर उतरते, हे ज्यांना असं सांगितलं गेलंय त्यांनी मनात पक्कं ठेवा.

आम्ही काय केलं ते सांगते. साखर बंद, म्हणजे चहातलीसुद्धा, बिस्किटं-फरसाण-कोल्ड्रिंक बंद, दारू पूर्ण बंद (तो महिन्यातून एखाद-दुसरी बिअर घ्यायचा, ती पण नाही). सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं, दुपारी एक ज्वारीची भाकरी, उसळ, भरपूर पालेभाजी, ताक, रात्री सातच्या आत वरण, भाजी आणि अर्धी भाकरी, भात आठवड्यातून दोनदा. सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास भरभर चालणं. सहा आठवड्यांत पाच किलो उतरलं आणि एलएआय ८ आला. उपाशी राहून केलं नाही, हे महत्त्वाचं, कारण क्रॅश डाएट केलं की स्नायू जातात आणि ऑपरेशननंतर तेच स्नायू अमिनो आम्लं पुरवणार असतात. तुमचा आराखडा तुमच्या डाएटिशियनकडूनच घ्या, प्रत्येकाचं वजन-शुगर वेगळं, पण दिशा हीच.

दारूबद्दल दोन ओळी, कारण "थोडीशी घेतली तर काय होतं" हे प्रत्येक घरात एक काका म्हणतातच. दारू जाळताना लिव्हरच्या पेशीतलं एनएडी (इंधन जाळायला लागणारा मदतनीस रेणू) वापरलं जातं आणि त्याचं एनएडीएच होऊन साचतं, एनएडी नसलं की चरबी जाळण्याची साखळी अडते आणि ती चरबी पेशीतच बसते. म्हणजे आधी घेतली तर भट्टी बिघडवून ठेवता, नंतर घेतली तर चालू भट्टीवर पाणी ओतता.

दुसरी गोष्ट चरबीचीच, पण उलटी वाटेल अशी. ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत उरलेलं लिव्हर स्वतःहून शरीरातली चरबी ओढून घेतं. उंदरांच्या लिव्हरचे काप बघितले तर पेशींमध्ये बारीक बारीक चरबीचे थेंब दिसतात आणि दोन-तीन दिवसांत ते संपतात, जाळले जातात. हेच वाढीचं मुख्य इंधन आहे. हिशोब सोपा आहे, ग्लुकोजच्या एका रेणूतून ३०-३२ एटीपी मिळतात, पामिटिक आम्लाच्या (चरबीतलं एक नेहमीचं आम्ल) एका रेणूतून १०६. मग आधीची चरबी का घालवायची? कारण फॅटी लिव्हरमधली चरबी म्हणजे मोठमोठे गोळे, पेशीचं केंद्रक कडेला ढकललेलं, बारीक रक्तवाहिन्या दबलेल्या, मायटोकॉन्ड्रिया दमलेले. ऐन वेळी आणून जाळलेलं सरपण वेगळं आणि वर्षभर चुलीतच कोंबून ठेवलेलं ओलं लाकूड वेगळं.

आणि इथेच आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक होते, ती म्हणजे उसाचा रस.

आमच्या आत्याने ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी दोन लिटर रस काढून आणला होता, बर्फ न घालता, आलं-लिंबू घालून, स्वतः गुऱ्हाळावर उभी राहून. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आपल्याकडे कावीळ म्हटली की उसाचा रस, लिव्हर म्हटलं की ग्लुकोज पावडर, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि ते प्रेमानेच केलं जातं. पण उंदरांवरच्या प्रयोगांत लिव्हर कापल्यावर भरपूर ग्लुकोज दिलं तेव्हा वाढ मंदावली. कारण असं की साखर एकदम वर गेली की इन्सुलिन वर जातं, इन्सुलिन वर गेलं की शरीरातली चरबी सुटायची थांबते, म्हणजे लिव्हरला जे इंधन हवंय त्याचा नळच बंद होतो, शिवाय जादा साखरेने पेशी विभागण्याला ब्रेक लावणारं पी२१ नावाचं प्रोटीन वाढलेलं दिसलं. मी आत्याला हे सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, "आत्या, त्याला आत्ता गोड एकदम झेपत नाही गं, तू त्याला तुझ्या हातचं मेतकूट-भात भरव." तिने भरवला. रस बाहेरच्या पाहुण्यांनी प्यायला.

इथे गैरसमज नको. पहिल्या दिवसांत लिव्हर लहान असल्याने शुगर खालीसुद्धा घसरू शकते, म्हणून आयसीयूमध्ये दर काही तासांनी शुगर बघतात आणि गरज पडली तर ग्लुकोजची ड्रिप लावतात. ती लागतेच, तिला कधीही नको म्हणायचं नाही. मी म्हणतेय ते घरून आणलेल्या जादा गोडाबद्दल. शुगर ना खाली जावी ना वर उडी मारावी, एवढंच बघायचं.

तर खायला द्यायचं कसं? लवकर, थोडं आणि सारखं. पूर्वी पोट चालू होईपर्यंत उपाशी ठेवायचे, आता बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशीच घोट घोट पाणी, मग पातळ आणि मग मऊ खाणं सुरू करतात, आणि ऑपरेशनच्या आधीही भूलतज्ज्ञ परवानगी देतील तर दोन तास आधीपर्यंत साधं पारदर्शक पेय देतात. कारण लिव्हरमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा जेमतेम शंभर ग्रॅमचा असतो आणि दिवसभराच्या उपासात संपतो. आमचा क्रम असा होता, तांदळाची पेज, मग मुगाचं कढण, मग मेतकूट-मऊभात आणि तूप अर्धा चमचा, मग नाचणीचं सत्त्व ताकातलं, मग अंड्याचा पांढरा-पिवळा दोन्ही, मग पूर्ण जेवण. दिवसातून सहा-सात वेळा, एका वेळी वाटीभर. भाऊ तिसऱ्या घासाला म्हणायचा पोट भरलं, आणि ते खरंच असतं, भूक मरते, म्हणून वाटी लहान घ्या आणि दोन तासांनी परत जा. मोठं ताट पुढे ठेवलं की तो बघूनच मान फिरवायचा.

प्रोटीनचा हिशोब वजनावर करा. मोठ्या ऑपरेशननंतर साधारण किलोमागे दीड ग्रॅम प्रोटीन आणि २५ ते ३० कॅलरी धरतात. भावाचं ७३ किलो, म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि हे नुसत्या वरणभाताने कधीच होत नाही, करून बघा. एक अंडं सहा ग्रॅम, वाटीभर शिजलेलं वरण सहा-सात ग्रॅम, म्हणजे दिवसभर अंडी, पनीर, दही, उसळ, चिकन किंवा मासे असं सगळं मिळून तिथे पोचावं लागतं, आणि नाही पोचलं तर डाएटिशियन पावडर लिहून देतात. आम्ही शाकाहारी दिवशी पनीर भुर्जी आणि सोयाचा खिमा करून भागवलं.

आता एक रिपोर्ट, जो कोणी समजावून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी भावाचा फॉस्फरस (म्हणजे रक्तातलं फॉस्फेट) १.६ आला, नॉर्मल २.५ ते ४.५. शेजारच्या बेडच्या नातेवाइकांनी सांगितलं काहीतरी बिघडलंय, आणि आई परत घाबरली. लिव्हर कापल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत फॉस्फेट जवळजवळ सगळ्यांचं खाली येतं, काही लघवीतून निघून जातं आणि वाढणाऱ्या पेशींनाही ते लागतं, कारण एटीपी या नावातच ट्रायफॉस्फेट आहे, तीन फॉस्फेटची माळ. उलट लिव्हर एकदम फेल झालेल्या पेशंटमध्ये फॉस्फेट वर चढत गेलं तर ते वाईट लक्षण धरतात. पण खाली जाऊ द्यायचं असंही नाही, फार घसरलं तर श्वासाचे स्नायूसुद्धा थकतात, म्हणून ड्रिपमधून भरून काढतात. तुम्ही फक्त रोज विचारा, "फॉस्फरस किती आला?" आणि लिहून ठेवा. त्याच ओळीत लॅक्टेटही विचारा. लॅक्टेट साफ करणं हे लिव्हरचंच काम, ते रोज उतरत असेल तर उरलेलं लिव्हर कामाला लागलंय. पाचव्या दिवशीचं बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) नीट बघा, बिलिरुबिन ३ च्या वर आणि आयएनआर १.७ च्या वर असे दोन्ही एकत्र असले तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. भावाचं त्या दिवशी १.९ आणि १.३ होतं, मी वहीत त्याला दोनदा गोल केलेत.

ऑक्सिजनचा मुद्दा राहिला. लिव्हर शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन वीसेक टक्के खातं. ऑक्सिजन नाही तर चरबी जळतच नाही. म्हणून ते तीन गोळ्यांचं, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायचं यंत्र खेळणं समजू नका, टाके दुखतात म्हणून पेशंट टाळतो, आपण तासातासाला समोर धरायचं. दुसऱ्या दिवसापासून उठून बसणं, तिसऱ्या दिवशी वॉर्डात चालणं. पोटाला उशी दाबून धरली की खोकताना आणि उठताना बरंच कमी दुखतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच्या सहा आठवड्यांत सुधारून घ्या.

बाबांचं ताट मात्र वेगळं होतं आणि इथे अनेक घरं गोंधळतात, दोघांना एकच शिजवतात. सिरोसिसच्या, म्हणजे घट्ट होऊन निकामी होत गेलेल्या, लिव्हरमध्ये ग्लायकोजेन फार कमी साठतं, त्यामुळे एका रात्रीचा उपास त्यांच्या शरीराला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो आणि शरीर स्नायू वितळवून साखर करायला लागतं. म्हणून ट्रान्सप्लांटची वाट बघताना झोपायच्या आधी काहीतरी खायलाच पाहिजे, आम्ही रात्री दहाला नाचणीची खीर किंवा दूध-पोहे द्यायचो. "लिव्हरच्या पेशंटला प्रोटीन बंद" हे जुनं झालं, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर बंद करू नका, अमोनिया साफ करायला स्नायूही मदत करतात. ट्रान्सप्लांटनंतर स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून देतात ती औषधं) बाबांची शुगर ३०० पर्यंत गेली, मग गोड बंद, कच्चं बंद, बाहेरचं पाणी बंद. आणि कोकणातल्या लोकांसाठी खास, पपनस देऊ नका, ग्रेपफ्रूटसारखंच ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढवू शकतं. आमच्या गावाहून पोतंभर आली होती, सगळी वाटून टाकली.

गोळ्या-काढ्यांबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचंय. डिस्चार्ज झाला की घरी लिव्हर टॉनिकच्या बाटल्या यायला लागतात. पेशीला ऊर्जा मिळाली की लिव्हर वाढतं, मग ऊर्जा वाढवणारं सप्लिमेंट घेऊ, असा विचार सुशिक्षित लोकही करतात. एनएडी वाढवणाऱ्या निकोटिनामाइड रायबोसाइडने उंदरांचं लिव्हर लवकर वाढल्याचं २०१७ मध्ये छापून आलंय, हे खरं, पण ते उंदीर होते आणि डोसही प्रयोगशाळेतला. आणि गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंट्सच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर वादही झाला, पण अर्धं लिव्हर घेऊन जगणाऱ्या माणसाने त्या वादात आपलं शरीर घालायचं कारण नाही. पॅरासिटामॉलसुद्धा स्वतःहून घ्यायचं नाही, ते लिव्हरमध्ये मोडताना जो विषारी अंश तयार होतो तो थेट मायटोकॉन्ड्रियावर बसतो, नेहमीचा डोससुद्धा डॉक्टर कमी करून देतात. जे घ्यायचं ते ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला विचारून, फोटो पाठवून.

घरी आल्यावर पहिला महिना दुपारी झोप येते, फार येते, जिना चढून आलं की पाय लटपटतात. झोपू द्या. त्याच वेळी आत जोरात बांधकाम चालू असतं. वजन उचलणं तीन महिने नाही, पाण्याची कळशीसुद्धा नाही, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्निया होऊ शकतो. चालणं मात्र रोज, वाढवत वाढवत. ताप, पोट फुगणं, डोळे पिवळे होणं, जखमेतून हिरवट-पिवळं पाणी, शौच पांढरट होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री फोन करा.

तीन महिन्यांनी भावाचा परत सीटी झाला. रेडिओलॉजिस्टने स्क्रीन फिरवून दाखवला. आधीच्या फोटोत उजवीकडे रुंद आणि डावीकडे निमुळतं होत गेलेलं लिव्हर होतं. या फोटोत उजवी बाजू रिकामी, तिथे आतडी सरकून आलेली, आणि एकेकाळचा तो बारका डावा भाग गुबगुबीत गोल होऊन मधोमध बसलेला. भावाने बोट लावून विचारलं, "हे सगळं माझंच?" ते म्हणाले, "तुझंच, आणि वर्षभर अजून भरेल." बाहेर येऊन त्याने आधी बाबांना फोन लावला आणि मग मला म्हणाला, ताई, भूक लागलीय, आज पूर्ण ताट वाढ.